रुग्णवाहिका येईपर्यंत दवाखान्यात काय चालतं?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

रुग्णवाहिका उशिरा आली आणि पेशंट दगावला, अशी बातमी आली की तिच्यात मिनिटं मोजलेली असतात. फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता निघाली, वाटेत कुठे अडकली. हे विचारायलाच हवं. पण फोन आणि गाडी यांच्या मधल्या वेळात पेशंट कुठे होता, हे बातमीत क्वचितच असतं. पुष्कळदा तो रस्त्यावर नसतो, घरीही नसतो. एखाद्या छोट्या दवाखान्याच्या किंवा आरोग्य केंद्राच्या टेबलावर असतो. डॉक्टर आणि नर्स शेजारी उभे असतात आणि सगळ्यांचे कान सायरनकडे लागलेले असतात. त्या वेळात काय करायचं हे तिथल्या माणसांना कुणी नीट शिकवलं आहे का, हा या पत्राचा विषय.

माझी सगळी नोकरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून झाली. निवृत्त झाल्यापासून एका डॉक्टर मैत्रिणीबरोबर छोट्या दवाखान्यांत जाऊन तिथल्या लोकांकडून तातडीच्या उपचारांचा सराव करून घेते. म्हणजे पाठवलेला पेशंट ज्या दारातून आत येतो तिथे मी इतकी वर्षं उभी होते, आणि आता तो जिथून निघतो त्या खोलीत जाते. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे ठामपणे सांगते, गाडीची वाट पाहण्याचा वेळ हा उपचाराचाच वेळ आहे. तो वाया जातो तेव्हा बहुतेक वेळा औषध कपाटात असतं. सराव नसल्यामुळे हात चालत नाहीत.

पेशंटबरोबर चिठ्ठी यायची. वर नाव, वय. खाली ‘पुढील उपचारांसाठी पाठवत आहे’ आणि सही. त्रास कधी सुरू झाला, बीपी किती होतं, काय दिलं, किती वाजता दिलं, यातलं काही नाही. लकवा म्हणून पाठवलेला, निपचित पडलेला मधुमेही पेशंट. बोट टोचून साखर पाहावी तर मशीनवर ३२. शिरेतून ग्लुकोज गेलं की थोड्याच वेळात हे गृहस्थ डोळे उघडून ‘माझा चष्मा कुठाय?’ विचारणार. साखर मोजायचं मशीन पाठवणाऱ्या दवाखान्यातही असायचं. रोज सकाळी त्याच मशीनवर रांगेने साखर तपासली जायची. ऐन गडबडीत मात्र ते कुणाला आठवायचं नाही.

यात त्या डॉक्टरांना झोडपण्यात अर्थ नाही. ज्यांचा दिवस सर्दी, ताप, गुडघेदुखी आणि बीपीच्या गोळ्या यांत जातो, त्यांच्यासमोर श्वास कोंडलेला माणूस कधीतरी एकदा येतो. कॉलेजात शिकलेलं तोवर पुसट झालेलं असतं. शिवाय ‘माझ्याच टेबलावर गेला तर?’ ही धास्ती. बाहेर नातेवाइकांचा घोळका, आत एकच नर्स, तीही नवीन. अशा वेळी ‘ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवा’ हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं आणि म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटतं. पण गाडी येईपर्यंत पेशंट त्यांचाच असतो.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा कुणाला पडला असंही नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यविशारदाचं छोटं विमान नेब्रास्कातल्या एका शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. रस्त्यावरची एक मोटार थांबवून ते मुलांना जवळच्या छोट्या रुग्णालयात घेऊन गेले आणि तिथले उपचार पाहून हादरले. आपण उघड्या शेतात, हाताशी काही नसताना, मुलांना याहून बरं सांभाळलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी तिथल्या डॉक्टरांना दोष दिला नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं हे ओळखलं. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी अभ्यासक्रम आखला, १९७८ मध्ये नेब्रास्कातच त्याचा पहिला वर्ग झाला, आणि दोन वर्षांत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो उचलून धरला. आज एटीएलएस या नावाने तो जगभर शिकवला जातो. तो मुळात मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांसाठी नव्हताच. दूरच्या छोट्या रुग्णालयात जखमीला पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरसाठी तो होता, हे आता पुष्कळजण विसरले आहेत.

पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने मूलभूत तातडीच्या सेवेचा एक अभ्यासक्रम काढला. तो डॉक्टरांइतकाच नर्स आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. यंत्रसामग्री फारशी नाही असं धरूनच तो लिहिला आहे. क्रम साधा: आधी श्वासमार्ग मोकळा आहे का, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग पाहणं. निदान नंतर. प्रत्येक पायरीवर जीवाला धोका दिसला तर तो आधी दूर करायचा, मगच पुढे जायचं. ‘नेमकं झालंय काय?’ या प्रश्नात अडकून बसणाऱ्यांना हा क्रम पाठ झाला की निम्मी घबराट जाते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. सराव घेताना मी दवाखान्यातल्याच कुणालातरी टेबलावर झोपवते, बहुधा कंपाउंडरला, आणि सांगते: यांना इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, बीपी ७०. चालू करा. आणि घड्याळ लावते.

जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिला हात जातो तो ॲलर्जीच्या इंजेक्शनकडे आणि स्टेरॉइडकडे. दोन्ही दुय्यम. या पेशंटचा जीव वाचवणारं औषध एकच, ॲड्रिनलिन, आणि ते मागे राहतं, कारण त्याची भीती बसलेली असते: ‘हृदय बंद पडलं तर?’ ही भीती शिरेतून दिलेल्या मात्रेची आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत दिलेलं अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक हजारात एक या तीव्रतेचं अर्धा मिलिलिटर, मोठ्या माणसाला सुरक्षित असतं. आराम पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा द्यायचं. हे डॉक्टर तोंडाने बरोबर सांगतात. पण मी म्हणते, सांगू नका, भरा. मग सिस्टर कपाट उघडते. वरच्या फळीवर, जुन्या सॅम्पलच्या खोक्यामागे एक खोका. त्यात ॲट्रोपिन आणि ॲड्रिनलिनच्या ॲम्प्युल शेजारी शेजारी, लेबलं सारखीच बारीक. ॲम्प्युल फोडताना बोट कापायची भीती, म्हणून कापूस शोधणं. एक मिलिलिटरची सिरिंज लसीकरणाच्या खोलीत, त्या खोलीला कुलूप. घड्याळ चालूच. एवढी धावपळ पाहिली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत ती ॲम्प्युल, दोन सिरिंज, सुई आणि मात्रेची चिठ्ठी एका पारदर्शक डबीत टेबलाच्या पहिल्या खणात आलेली असते.

दुसरी गोष्ट, पेशंटला बसवणं. नातेवाईक त्याला उठवून बसवतात, पाणी पाजायला बघतात, गाडी आली की ‘चला, चालवत नेऊ’ म्हणतात. ॲलर्जीच्या झटक्यात बीपी कोसळलेला माणूस एकदम उभा केला की तिथल्या तिथे जाऊ शकतो. त्याला आडवंच ठेवायचं, पाय उंच. धाप फारच असेल तर पाठ टेकवून, पाय लांब करून बसू द्यायचं. याला औषध लागत नाही, खर्च लागत नाही. नातेवाइकांना हात धरून थांबवायची हिंमत लागते, आणि तीही सरावानेच येते.

आता ऑक्सिजन. सिलिंडर असतोच. पण त्याची चावी? एका दवाखान्यात ती औषधांच्या कपाटात, दुसरीकडे सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खिशात. मी आता सिलिंडरच्या मानेला दोरीने चावी बांधूनच निघते. मग काट्याकडे पाहायला लावते. ६८० लिटरचा छोटा सिलिंडर पूर्ण भरलेला असला आणि पिशवीच्या मास्कला मिनिटाला १५ लिटरने सोडला तर पाऊण तासात रिकामा होतो. गाडी तासाभराने येणार असेल, तर काय? हे गणित आधी केलेलं असेल तर दुसरा सिलिंडर वेळेवर मागवता येतो किंवा प्रवाह बेतानं ठेवता येतो.

अंबू बॅग, म्हणजे तोंडावर मास्क धरून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, तिच्याबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. मोठमोठे डॉक्टरही ती घाबरून भराभर दाबतात. मास्क तोंडावर नीट बसलेला नसतो, हवा गालांवरून फुसफुस बाहेर जाते, थोडी पोटात जाते, पेशंट ओकतो. दोघांनी करायचं काम आहे ते. एकाने दोन्ही हातांनी जबडा वर उचलून मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने दर सहा सेकंदांनी एकदा, छाती जेमतेम उचललेली दिसेल इतकंच दाबायचं. पुतळ्यावर दहा मिनिटं केलं की हे हाताला कळतं, स्लाइडवर शंभरदा पाहून कळत नाही.

काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही शिकवावं लागतं. वाट पाहत असताना हात रिकामे राहिले की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. मग लकव्याच्या पेशंटचं वाढलेलं बीपी बघून जिभेखाली गोळी फोडली जाते, बीपी धाडकन उतरतं आणि मेंदूचं होतं ते नुकसान वाढतं. त्याच्यासाठी करायचं ते एवढंच: साखर तपासा, तोंडाने काही देऊ नका, आणि तो शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून द्या, कारण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची आहे. ॲस्पिरिनही सीटी स्कॅन होईपर्यंत नाही. उलट हार्ट अटॅकच्या पेशंटला तेच ॲस्पिरिन, ३०० मिलिग्रॅम, चावून, लगेच द्यायचं, आणि पहिल्या दहा मिनिटांत इसीजी काढून त्याचा फोटो पुढच्या रुग्णालयाला पाठवायचा. छातीत दुखतंय म्हणून प्रत्येकाला ऑक्सिजन लावायची जुनी सवयही सोडायला हवी. स्वीडनमध्ये सहा हजारांहून जास्त पेशंटवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन मुळात ठीक असलेल्यांना तो लावून काहीही फायदा दिसला नाही. आणि सलाईन! सलाईन म्हणजे उपचार, ही समजूत पेशंटपेक्षा आपल्या लोकांत जास्त घट्ट आहे. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त तापाच्या गंभीर मुलांवर झालेल्या अभ्यासात भराभर सलाईन दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. सलाईन द्यायचंच नाही असा याचा अर्थ नव्हे. जुलाबाने सुकलेल्या मुलाला ते हवंच. कुणाला, किती, आणि दर थोड्या वेळाने काय तपासत द्यायचं, हे कळलं पाहिजे. आणि गाडी दारात उभी असताना शीर सापडेपर्यंत तिला थांबवून ठेवायचं नाही.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. गरोदर बाईला बीपी वाढून झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊनच पुढे पाठवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटके येण्याआधी, बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जायला लागण्याच्या टप्प्यावर दिलं तरी ते येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ च्या मॅगपाय अभ्यासात दहा हजारांवर बायकांमध्ये दिसलं. औषध बहुतेक ठिकाणी कपाटात असतं. मात्रा मोजायला जमत नाही म्हणून ते तिथेच राहतं.

काहीजण म्हणतील, रुग्णवाहिका वाढवायच्या सोडून ही पळवाट आहे. रुग्णवाहिका वाढवाच. पण जन्मल्यावर न रडलेल्या बाळासाठी २०१० पासून जगभर जे प्रशिक्षण चालतं त्यात पहिल्या मिनिटालाच ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात. तेवढ्यात बाळाचा श्वास सुरू व्हायला हवा किंवा मास्कने द्यायला सुरुवात व्हायला हवी. हृदय थांबलेल्या माणसाला विजेचा झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. जगातली सगळ्यात चपळ रुग्णवाहिकासुद्धा या हिशेबात उशिराच येते.

मग प्रशिक्षण कसं हवं? सध्या ते बहुतेक एका सभागृहात होतं. दोन दिवस स्लाइड, जेवण, फोटो, प्रमाणपत्र. प्रमाणपत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागतं आणि छाती दाबायचं कसब तीन ते सहा महिन्यांत हातातून निसटतं, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शिवाय सभागृहात डॉक्टर एकटे येतात. ऐनवेळी त्यांच्याबरोबर कोण असतं? नर्स, कंपाउंडर, केस पेपर काढणारी मुलगी, साफसफाईच्या मावशी. यांना कुणी बोलावत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, पेशंट कमी असतात त्या वेळी, त्याच खोलीत, त्याच टेबलावर, अर्धा तास सराव व्हावा. एका वेळी एकच प्रसंग. एका महिन्यात धाप, पुढच्या महिन्यात झटके, मग रक्तस्राव. शिकवणाऱ्याने तिकडे जावं. एकट्या डॉक्टरने दवाखाना बंद ठेवून दोन दिवस कुठे यावं ही अपेक्षाच चुकीची. आणि सरावात कामं वाटून टाकावीत. पेशंटच्या डोक्याशी कोण, औषधं कोण भरणार, वेळ कोण लिहिणार, नातेवाइकांशी कोण बोलणार, फाटकाशी उभं राहून गाडीला हात कोण दाखवणार. मावशी हे शेवटचं काम इतक्या चोख करतात की ड्रायव्हर नंतर त्यांनाच विचारत येतात. केस पेपरच्या मुलीने फोन करायचा, पण पेशंटच्या शेजारी उभं राहून, स्पीकर चालू ठेवून, म्हणजे पलीकडच्या डॉक्टरने काही विचारलं तर तिला आतबाहेर पळावं लागत नाही.

त्या फोनवर काय बोलायचं हेही बसवून घ्यावं लागतं. मी कोण, कुठून बोलतोय, काय झालं, आत्ता काय दिसतंय, काय दिलं आणि तुमच्याकडून काय हवंय. या क्रमाची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून आली, तिथून ती रुग्णालयांत शिरली. नवीन मुलींना हे सांगितलं की त्यांना मजा वाटते आणि क्रम लक्षात राहतो, एवढ्यासाठीच मी सांगते. हाच मजकूर चिठ्ठीवर उतरला की पुढच्या कॅज्युअल्टीतला बराच वेळ वाचतो.

एक तक्रार मात्र मोठ्या रुग्णालयांबद्दल आहे. तिथे छोट्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांना नावं ठेवणं रोज चालतं. पण पेशंटचं पुढे काय झालं, हे पाठवणाऱ्याला कुणी कळवत नाही. डॉक्टरने घाम गाळून ॲड्रिनलिन दिलं, मास्क धरून बसले, पेशंट गाडीत गेला, आणि गोष्ट तिथेच संपली. वाचला का? आपण दिलं ते बरोबर होतं का? काही राहून गेलं का? उत्तरच येत नसेल तर माणूस शिकणार कसा, आणि पुढच्या वेळी कपाट उघडायची उमेद कुठून आणणार? आम्ही सराव घेतो त्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांना अलीकडे पहिल्यांदाच असा फोन आला. पलीकडच्या निवासी डॉक्टरने पेशंट ठीक असल्याचं सांगितलं, आणि दुसरी मात्रा जरा आधी द्यायला हवी होती, हेही सांगितलं. साहेबांनी तो फोन ठेवला आणि त्याच दुपारी सगळ्यांना बोलावून पुन्हा घड्याळ लावलं. या फोनला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी नवीन पद नको की निधी नको. भरती करतानाच केस पेपरवर पाठवणाऱ्या दवाखान्याचा नंबर लिहायचा नियम केला आणि फोन कुणी करायचा ते ठरवून दिलं, तरी पुरे.

आपली,
कॅज्युअल्टीतली एक निवृत्त सिस्टर